मूळपेशीला सर्वांनी हजर राहावे

मास्तर,

तू गेल्याला आज नऊ दिवस झाले आणि ह्या नऊ दिवसांत मी एकही थाप मारलेली नाही. गाव काळजीत आहे. परवा सकाळी दूध घालायला आलेल्या एकानं सहज विचारलं, बापू, तुमची म्हैस किती देते हल्ली, आणि मी खरं तेवढंच सांगितलं. दूध सोसायटीच्या ओट्यावरचे सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. एकानं तर कपाळाला हात लावून ताप बघितला. दुपारपर्यंत घरी निरोप गेला होता की चेअरमनला बार्शीला नेऊन दाखवा, लक्षण बरं नाही.

लक्षण मलाही बरं वाटत नाही. पण तुला शब्द दिलाय. कोणता, ते शेवटी येईल. तुझ्यासारखं आधी नियम आणि मग उदाहरण असं मला कधी जमलं नाही. मी आधी म्हैस सोडतो आणि मग तिच्या मागं पळतो.

उद्या सकाळी तुझ्या दारात तुझ्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी आहे आणि अक्कानं मला बोलायला सांगितलंय. लोक येणार ते बापू काहीतरी रंगवून सांगेल म्हणून. उभा राहिलो की माझी जीभ कुठं वळेल ह्याचा भरवसा नाही, म्हणून आज सोसायटीच्या टेबलावर बसून लिहून काढतोय. मागं कॅन धुवायचं काम चाललंय. मधूनच टोपण पडतं आणि माझा शब्द चुकतो, तेवढा सांभाळून घे.

पहिलीत हजेरीत तुझं नाव दगडू होतं. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तुझा बाप पांढरं स्वच्छ धोतर नेसून शाळेत आला आणि गुरुजींना म्हणाला, "आमी धम्म घेतला. पोराचं नाव आनंद ल्ह्या." गुरुजींनी लिहिलं, पण दगडू खोडून नाही, त्याच्या वरच्या बाजूला. मग वर्षभर हजेरी घेताना तुझ्या ओळीवर ते अडायचे. वरचं वाचावं का खालचं? तू त्यांचा निर्णय व्हायच्या आतच 'हजर' म्हणून मोकळा व्हायचास.

आणि आमच्या घरी पडवीच्या वळचणीला आईनं तुझ्यासाठी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला खोचून ठेवला होता. तू आलास की तो काढायचास, आई वरून पाणी ओतायची, तू पिऊन विसळून पुन्हा खोचायचास. सात-आठ वर्षं आपण जिवाचे दोस्त होतो आणि सात-आठ वर्षं तो पेला तिथं होता. ओढ्यात वाघ बघितला म्हणून सांगून मी अख्ख्या शाळेला सुट्टी मिळवून दिली होती. पण आईला 'ह्याला आतलं भांडं दे' एवढं म्हणायला मला तोंड फुटलं नाही. तूही कधी बोलला नाहीस. पुढं एवढं भांडलो आपण, अगदी पालीच्या शेपटीवरून भांडलो, पण पेल्याचा विषय कुणीच काढला नाही.

बहात्तरच्या दुष्काळावर मी आजवर जेवढं बोललोय तेवढं पाणी पडलं असतं तर दुष्काळ पडलाच नसता. आमच्या विहिरीत दगड टाकायचा, भूमचा बाजार करून यायचं, आणि मग वाकून आवाज ऐकायचा, हे मी शंभर जागी सांगितलं. म्हशीचं दूध धारेतून भुकटीसारखं पडायचं, हेही. तू शेवटपर्यंत ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "विहीर कोरडी होती, एवढंच खरं." माझ्या प्रत्येक गोष्टीची साल काढून आतला एवढासा गर तू हातावर ठेवायचास. राग यायचा मला. तोच गर मीही खात होतो हे मात्र कधी कबूल केलं नाही.

तर एवढंच खरं सांगतो. तलावाच्या कामावर आपली टोळी एकच होती. तू बीएस्सी होऊन नोकरीची वाट बघत होतास आणि मी दोनदा मॅट्रिक नापास होऊन कशाचीच वाट बघत नव्हतो. आमची साठ एकर जमीन नुसता फुफाटा होऊन पडली होती. साठ नाही, बावीस. पहिल्या दिवशी खडी फोडून माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. अक्का, म्हणजे तुझी थोरली बहीण, नवरा गेल्यावर तुझ्याकडंच राहायला आलेली, तिनं डेऱ्यातून पाणी काढलं आणि तिच्याच तांब्यानं मला दिलं. दुसरं भांडं शोधायला ती वळलीसुद्धा नाही. मला ते पाणी लागलं, आणि नुसतं घशाला नाही.

मग तुला शाळेत नोकरी लागली, विज्ञान शिकवायला. मला दूध सोसायटी लागली. लोक म्हणायचे, ह्याला चेअरमन करा, दूध कमी पडलं तर बोलून भरून काढील.

आपलं मोठं भांडण झालं ते ह्या कॅनांवरून. तुमच्या वस्तीतल्या सहा घरांनी म्हशी घेतल्या आणि दूध घेऊन ओट्यावर आले. आमच्यातल्या काही जणांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांचा कॅन वेगळा ठेवा. तू म्हणालास, सभा बोलाव, मी बोलतो, समोरासमोर होऊ दे. मला सभेची भीती वाटली. मी दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभं राहून सांगितलं की वरून साहेब येऊन गेले. दोन जागी साठवलेल्या दुधाला मापकावर सारखी डिग्री लागत नाही, दोन्ही कॅन नापास होतात, तेव्हा एका गावाचं दूध एकाच कॅनात पाहिजे, असा सक्त हुकूम आहे. त्या साहेबाच्या मिशा, त्याची जीप, जीपमधलं कुत्रंसुद्धा मी सांगितलं. त्याच सकाळी सगळं दूध एकाच कॅनात पडलं आणि आजतागायत पडतंय.

मला वाटलं तू खूश होशील. तू तीन आठवडे बोलला नाहीस. चौथ्या आठवड्यात आलास आणि म्हणालास, "बापू, तू त्यांना माणूस शिकवायचा सोडून कॅन शिकवलास."

"दूध तर एक झालं ना?"

"थापेनं झालं. उद्या कुणाला कळलं की साहेब आलाच नव्हता, तर पुन्हा दोन होईल."

"कोण सांगणार?"

हे भांडण तिथंच राहिलं. नंतर दहा वेळा तू ते उकरलंस आणि दहा वेळा मी म्हशीचा विषय काढला.

आता मूळपेशी. तुझ्याकडं इंग्रजी विज्ञानाचं एक मासिक यायचं, दोन-दोन महिने शिळं. त्यातला एक शब्द घेऊन तू ओट्यावर आलास: स्टेम सेल. ह्याला मराठीत काय म्हणावं? स्टेम म्हणजे खोड, म्हणून तू आधी खोडपेशी म्हणालास. मी म्हणालो, मग माझ्या अंगात लई असतील, आई जन्मभर माझ्या खोडीच मोजत आली. तू चिडून तो शब्द टाकलास. आठ दिवसांनी आलास आणि म्हणालास, मूळपेशी. ज्या पेशीपासून बाकीच्या होतात ती. हे लोकांना सांगितलं पाहिजे, रविवारी ओट्यावर व्याख्यान ठेव.

मी फळ्यावर लिहिलं: 'रविवारी सकाळी दहा वाजता मूळपेशी. मास्तर बोलतील. सर्वांनी हजर राहावे.'

आमच्या भागात निजाम गेला पण त्याचे शब्द राहिले. पेशी म्हणजे कोर्टातली तारीख, ही अंगणवाडीतल्या पोराला ठाऊक. रविवारी दहाला ओट्यावर पाचशे माणूस. बरं, पाचशे नाही, साठ-सत्तर. काखेत फडक्यात बांधलेले कागद, डोक्यावर ठेवणीतले पटके, शेजारच्या वाशीकडून तिघं जण पहाटेची एस्टी धरून आलेले. आजवर नुसत्या तारखा पडल्या, आता मूळ पेशी निघाली, मास्तर इंग्रजी वाचतो, तो बोलणार. आमचे नामदेव तात्या तर बांधाच्या भांडणाचे कागद उलगडून पहिल्या रांगेत. तू पालीचं चित्र काढलेला कागद हातात घेऊन आलास आणि थिजून उभा राहिलास.

दुसरा कुणी असता तर चूक झाली म्हणून लोकांना घरी पाठवलं असतं. तू पालीचा कागद गुंडाळून खिशात घातलास आणि विचारलंस, "तात्या, किती वर्षं झाली तुमच्या केसला?"

"बापाच्या वक्तापासून चालू हाय."

"म्हणजे निकाल लागला नाही."

"न्हाय."

"मग बरोबर जागी आलात," तू म्हणालास. "तुमच्या अंगात अशाच पेशी आहेत."

आणि मग तू जे सांगितलंस ते मी आजपर्यंत कितीक गावांत माझं म्हणून सांगितलंय. आईच्या पोटात अगदी सुरुवातीला, तू म्हणालास, सगळ्याच पेशी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या असतात. निकाल कुणाचाच नाही. त्यातली कोण डोळा होईल, कोण हाड, कोण काळीज, काही ठरलेलं नसतं. मग एकेकीला आत बोलावतात. एकीला सांगतात, तू कातडी. दुसरीला, तू मज्जातंतू. एकदा निकाल लागला की लागला. कातडी झालेली पेशी पुन्हा बाकावर येऊन बसलेली माणसात तरी अजून कुणी दाखवली नाही. पण शरीर शहाणं आहे, ते सगळ्यांचा निकाल लावत नाही. काही जणींना जन्मभर बाकावर ठेवतं. हाडाच्या आत मगज असतो ना, तिथं एक असा बाक आहे. तिथली पेशी दुभंगते, एकीच्या दोन होतात. एक निकाल घेऊन उठते, रक्त होऊन कामाला जाते. दुसरी तिथंच बसून राहते, जशीच्या तशी. रक्तातली लाल पेशी चार महिने राबते आणि मरते, तरी रक्त आटत नाही, का? तर बाकावर कुणीतरी बसलंय म्हणून.

नामदेव तात्यांनी बराच वेळ कागदांच्या घड्या घातल्या. मग विचारलं, "म्हंजी मास्तर, निकाल लागंना तेच बरं म्हणता व्हय तुमी?"

"सगळ्यांचेच लागले असते तर उद्याचं रक्त कुठून आलं असतं, तात्या?"

तात्या म्हणाले, "माझ्या वकिलालाबी आसंच वाटत असंल." ओटा हसून हसून हादरला. त्या हशावर तू लोकांना सोसायटीच्या मागं बोरीपाशी नेलंस. जंगली बोरीवर तू भूमहून आणलेला गोड बोरीचा डोळा भरला होतास, सालीत चिरून बसवलेला, नखाएवढा. हाही बाकच, तू म्हणालास. ह्या नखात पुढची सगळी फांदी बसलीय. पाल शेपूट टाकून दुसरी काढते, कारण तिच्या बाकावर आपल्यापेक्षा जास्त गर्दी शिल्लक राहते. वाशीवाल्यांनी परतताना विचारलं, पुढची पेशी कधी?

त्या दिवशी लोक पांगल्यावर मी तुला डिवचलं. म्हणालो, एकदा निकाल लागला की लागला म्हणतोस, मग दगडूचा आनंद कसा झाला? मला वाटलं अडकशील. तू बोरीच्या डोळ्याला सुतळी आवळत होतास, वर न बघता म्हणालास, "मी दगड झालोच नव्हतो. हजेरीत तसं लिहिलं होतं एवढंच."

त्यावर मला थाप सुचली नाही. असं माझ्या आयुष्यात दोनदा झालंय. दुसरी वेळ पुढं येते.

लग्न तू केलं नाहीस. कुणी विचारलं की म्हणायचास, अजून बाकावर आहे. अक्का म्हणायची, उठ की आता, बाक झिजला. असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि एका उन्हाळ्यात तुझ्या दंडावर निळे डाग दिसले. हिरड्यांतून रक्त. फळ्यापाशी उभं राहिलं की धाप. मी म्हणालो ऊन लागलं. सोलापूरला डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढून बघितला. परतीच्या एस्टीत तू खिडकीजवळ बसला होतास. येडशीचा घाट आला. मग म्हणालास, "बापू, बाक रिकामा झालाय."

मी म्हणालो, भरू की. मला बाक म्हणजे भरायची गोष्ट वाटली, सोसायटीच्या सभेसारखी. तीन गाड्या पाठवल्या की माणूस जमतो.

बाटल्या आम्ही भरल्या. माझं रक्त तुझ्या गटाचं निघालं तेव्हा मी गावभर मिरवलो. पहिल्या बाटलीनंतर तू म्हणालास, आज वर्गात मुलांना सांगितलं की देवमासा भूमच्या तळ्यात मावणार नाही, आणि त्यात थोडी भर घालावीशी वाटली, तुझंच रक्त असणार. आपण दोघं हसलो. आणि त्या हसण्यात मला तो वळचणीचा पेला दिसला. आईच्या घरातलं पाणी तुला वेगळ्या भांड्यात, आणि आता आईच्या पोराचं रक्त तुझ्या थेट शिरेत. बोलावं असं अगदी ओठावर आलं. मी म्हणालो, चहा घेणार का.

बाटलीतलं रक्त चार महिनेही टिकणारं नव्हतं, ते तू मला आधीच सांगितलं होतंस. बाटलीतून कामकरी येतात, बाकावर बसणारं कुणी येत नाही. त्यासाठी दुसऱ्याच्या हाडातला मगज पाहिजे. मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात ते नुकतं सुरू झालं होतं. भावाचा नाहीतर बहिणीचा मगज सुईनं काढायचा आणि शिरेतून सोडायचा. त्यातल्या मूळपेशी रक्तातून फिरत फिरत आपणहून हाडात जाऊन बसतात. मी विचारलं, त्यांना पत्ता कोण सांगतं? आपल्याकडं पाहुणा आला तर वेशीपासून तीन जणांना विचारत येतो. तुझा चेहरा उजळला. आजारी माणसाचा नाही, पहिल्या बाकावरच्या पोराचा चेहरा. म्हणालास, "तेच तर अजून कळलेलं नाही." तुझं मरण त्या प्रश्नावर टांगलेलं होतं आणि तुला त्या प्रश्नाचा आनंद झाला होता. असा माणूस मी दुसरा बघितला नाही. हे मात्र साल काढूनही एवढंच्या एवढं खरं आहे.

आपण तिघं मुंबईला गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, एका आईबापाच्या दोन लेकरांचं जुळायचा योग चारात एक. तुला बहीण एकच. मी म्हणालो माझं बघा. ते म्हणाले तुमचं जुळणं म्हणजे आभाळातून पडलेली सुई पकडणं. मी म्हणालो, पकडलीय एकदा. त्यांनी माझं बघितलं नाही. अक्काचं रक्त दिलं, पत्ता सोसायटीचा दिला, आणि आपण तिघं गावी आलो.

पंचवीस दिवसांनी लिफाफा आला. तो मी अक्काला घेऊन बार्शीला डॉक्टरांकडून वाचून घेतला. अक्का एस्टी स्टँडवरच्या कट्ट्यावर बसली. रडली नाही. हातानं लुगड्याचा काठ सारखा करत राहिली.

"एका पोटातनं आलो, एका ताटात जेवलो," ती म्हणाली. "मग न्हाय कसं जुळलं रं, बापू?"

मी म्हणालो, "अक्का, तुमचा दोष न्हाय त्यात."

"दोष न्हाय विचारला. कसं, ते विचारलं." मग उठताना म्हणाली, "त्याला तूच सांग. तुझी जीभ चालती."

माझी जीभ. जिनं जीपमधलं कुत्रं उभं केलं, ती जीभ. घरी आलो तर तू दारात खाट टाकून पोरांच्या वह्या तपासत होतास. वर बघून विचारलंस, "काय झालं पेशीचं?"

दोन शब्द होते, मास्तर. नाही जुळलं. ते मला उच्चारता आले नाहीत आणि त्यांच्या जागी ठेवायला थापही सुचेना. ही ती दुसरी वेळ. तुझ्या तोंडून आयता आलेला शब्द मी उचलला आणि म्हणालो, "तारीख पुढं गेली."

तू हातातली लाल पेन्सिल सारखी केलीस आणि वही पुढं ओढलीस. अक्का माझ्याकडं न बघता चुलीकडं गेली.

पाच महिने तारीख पुढं जात राहिली. मुंबईचं यंत्र बिघडलं, मोठे डॉक्टर परदेशी गेले, लिफाफा चुकून आपलं ईट सोडून दुसऱ्याच ईट गावाला गेला. तू प्रत्येक वेळी ऐकून घेतलंस आणि एकदाही 'एवढंच खरं' म्हणाला नाहीस. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. साल काढायचं तू थांबवलंस, कारण आत काय आहे ते तुला ठाऊक होतं. चारात एक हा हिशेब मला समजावून सांगणाराही तूच होतास.

त्या पाच महिन्यांत आपण खूप बोललो. मुंबईहून आल्यावर बोरीची बाग कुठं लावायची, मूळपेशीचं दुसरं व्याख्यान वाशीला कसं घ्यायचं. ती थाप नसती तर हे बोलणं झालं असतं का? आणि ह्याच्या उलटं पण मनात येतं. खरं सांगितलं असतं तर दुसरंही काही बोललो असतो. पेल्याचं बोललो असतो. तारीख पुढं गेली, आणि तिच्यामागं सगळंच पुढं गेलं. तू कॅनांचं म्हणत होतास ते हेच का? मला तेव्हा वाटायचं तू थापेवर चिडलास. आता वाटतंय, थापेमुळं जी सभा झालीच नाही, तिच्यासाठी तू चिडला होतास.

शेवटचं तू ओट्यावर आलास ते थंडीच्या दिवसांत, सकाळी, अक्काचा हात धरून. पोत्यावर बसलास. दूध येत होतं, गावातलं, वस्तीतलं, एकाच कॅनात पडत होतं. तू बराच वेळ ती धार बघितलीस.

"तारीख कधीची पडली?"

"पुढच्या महिन्याची."

"वकील कोण?"

"मीच."

"मग केस गेली," तू म्हणालास आणि हसलास. अक्का पण हसली, तोंडाला पदर लावून. मग तू आवाज खाली आणलास. "बापू, पुढच्या पेशीला बहुतेक मी नसेन. तू हजर राहा."

"मी एकटा येऊन काय बोलू?"

"खरं. सगळं. एकदाच."

मी मान डोलावली. हाच तो शब्द. बारा दिवसांनी तू गेलास.

आज दुपारी मी फळा पुसला आणि लिहिलं: 'उद्या सकाळी दहा वाजता मूळपेशी. मास्तरांच्या दारात. सर्वांनी हजर राहावे.' ह्या खेपेला कुणी कागद घेऊन येणार नाही. उद्या सगळ्यांसमोर मी सांगणार आहे की पहिल्या वेळी ती ओळ मी चुकून लिहिली नव्हती. नुसतं विज्ञान म्हटलं असतं तर चार माणसं आली असती, म्हणून कोर्टाच्या नोटिशीसारखं 'सर्वांनी हजर राहावे' मुद्दाम घातलं. तू जाईपर्यंत ती चूकच समजत होतास. आणि सांगणार आहे की कुणी साहेब आला नव्हता. जीप नव्हती, कुत्रं नव्हतं. दोन कॅन ठेवले असते तरी डिग्री लागलीच असती. दूध एका कॅनात पडलं ते माझ्या थापेवर, आणि आता ती थाप मी काढून घेतोय. परवा सकाळी ओट्यावर कोण कुठं ओततो ते तुझं उत्तर असेल का माझं, मला माहीत नाही. मला झोप नाही एवढं माहीत आहे. अक्काला हे सांगितलं तर ती म्हणाली, बोल तू, परवा दुधाचा पहिला तांब्या मी आणून ओतीन, बघू कोण मागं सरतंय.

पेला काल काढला. आई गेली तरी तो वळचणीलाच होता. तळाला भोक पडलंय. त्याच्यावर रचून सांगण्यासारखं काही नाही. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही.

आता उरलं एक. ते उद्या लोकांसमोर बोलेन, पण आधी तुला. तू विचारलं होतंस, दारात, लाल पेन्सिल हातात धरून, काय झालं पेशीचं.

हजर आहे, मास्तर. नाही जुळलं.